ठसका आला नाही

गेणबाच्या हाताला गुण आहे, असं कासुर्डीच्या शिवारात सगळेच म्हणत. मेंढरं विकून त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. आता दारात चार शेळ्या, मागं दीड एकर कांदा आणि दिवसभर हायवेच्या गाड्यांची घरघर. पण कुणाची शेळी व्याली आणि करडू आचळाला तोंड लावीना, की माणसं ते करडू पोत्यात गुंडाळून गेणबाच्या ओट्यावर आणत. गेणबा मांडी घालून बसायचा, करडाचं तोंड डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून वर करायचा आणि वेळूच्या नळीनं दूध पाजायचा. पाजताना त्याचं लक्ष नळीकडे नसायचं, कान घशाकडे असायचे.

"ठसका आला की थांबायचं," तो जमलेल्यांना सांगायचा. "ठसका न्हाई तवर वाट बरुबर हाय. वतत ऱ्हायचं."

ही एवढी एक गोष्ट त्यानं बापाकडून घेतली होती आणि जन्मभर दुसऱ्यांना शिकवली होती. त्याला लोक मान द्यायचे ते त्यापायीच. नाहीतर सही करायला अंगठा पुढे करणाऱ्या म्हाताऱ्याला कोण विचारतंय?

त्या हिवाळ्यात त्याची नात पूनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर शिरूर तालुक्यातलं, निमोण्याचं. नवरा मल्हार रांजणगावच्या कंपनीत कामाला. पूनमचा बाप ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे घरात गेणबा, त्याची सून सारजाबाई आणि ही बाळंतीण, एवढीच माणसं. मुलगी झाली. गोरीपान, डोक्यावर दाट जावळ. दवाखान्यातून घरी आल्या दिवशीच पूनमनं सांगून टाकलं, "आबा, हिला सहा म्हैने माझ्या दुधाबिगर काय बी द्यायचं न्हाई. डॉक्टरांनी बजावलंय."

"गुटी?"

"न्हाई."

"मध?"

"न्हाई."

"पानी तरी?"

"पानीबी न्हाई आबा."

"मग तुझा बा काय वाऱ्यावर वाढला व्हय? आन् तू? तुला मी बोंडल्यानं पाजलीय, ह्या हातानं."

"मी वाढले ती वाढले. हिला न्हाई द्यायचं."

चुलीपुढून सारजाबाई हसली. "मामा, आता मोबाइलातलं डॉक्टर घरात आल्यात. आपलं काय चालायचं न्हाई."

गेणबाही हसला. पण ते त्याच्या मनाला लागलं. ज्याच्याकडं चार गावची माणसं करडं घेऊन येतात, त्याला घरातली पोर सांगते, हात लावू नका.  तो ते नुसतं मनात घोळवत राहिला.

बाळाच्या अकराव्या दिवशी दुपारी सारजाबाई यवतला गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. घुगऱ्यांचे हरभरे, पाळण्याला झालर, निमोण्याच्या पाहुण्यांसाठी काय काय, अशी मोठी यादी होती. पूनमनं बाळाला पाजलं, पाळण्यात ठेवलं आणि म्हणाली, "आबा, मी न्हाऊन येते. जरा दोरी वढा." आणि ती मागच्या न्हाणीत गेली.

थोड्या वेळानं बाळ रडायला लागलं. गेणबानं दोरी ओढली. बाळ थांबेना. त्यानं हाक मारली असती तर पूनम ओल्या केसांनिशी आली असती. त्यानं हाक मारली नाही. भुकेलीय पोर, तो स्वतःशी म्हणाला. ह्या शिकल्यासवरल्या पोरींना दूध तरी कुठं पुरतंय.

मग त्यानं फळीवरचं बोंडलं काढलं. चोच असलेलं पितळेचं छोटं भांडं. पूनमला पाजलेलं, तिच्या बापाला पाजलेलं. सकाळी काढलेलं शेळीचं दूध कोमट केलं. अंगाला लागावं म्हणून त्यात अर्धा चमचा तूप घातलं. बाळाला मांडीवर घेऊन त्यानं डाव्या हाताच्या दोन बोटांत तिची हनुवटी धरली, तोंड वर केलं, बोंडल्याची चोच गालाच्या आत घातली आणि भांडं वाकडं केलं.

दूध गेलं. ठसका आला नाही.

बाळ रडायचं थांबलं. हातपाय हलवायचं थांबलं. डोळे उघडे ठेवून शांत पडून राहिलं. गेणबाला भरून आलं. अजून हात विसरला नाही म्हणायचा. "गुनाची गं माजी बाय," तो म्हणाला आणि ओतत राहिला. बोंडलं रिकामं होईपर्यंत ओतत राहिला.

मग त्याच्या ध्यानात आलं की पोर गिळत नाहीये. रडत नाहीये. छाती हलत नाहीये. ओठ जांभळासारखे झालेत.

त्यानं तिला तळहातावर पालथं घातलं. पाठ थोपटली, तळवे चोळले. नाकातून, तोंडातून दूध आलं. किती वेळ गेला ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. शेवटी पोरीनं एकदम आचका देऊन श्वास ओढला. आत कुठंतरी खर्र वाजलं. मग बारीक, मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला.

मागं न्हाणीत बादली वाजली.

आणि मग गेणबानं जे केलं, ते पुढं त्याला त्या पाजण्याहूनही जास्त जाळत राहिलं. त्यानं पोरीचं तोंड धोतरानं पुसलं, तिला पाळण्यात ठेवलं आणि बोंडलं विसळून फळीवर पिठाच्या डब्यामागं सारलं. पोर तशी पडलेली असताना त्याला आधी भांडं लपवायचं सुचलं.

पूनम केस पुसत आली. पाळण्यात वाकली. "आबा, हिचा रंग आसा काय दिसतोय?"

"झोपलीय," गेणबा म्हणाला.

पूनमला ते पटलं नाही, पण आबा म्हणतात म्हणून ती केस विंचरायला बसली. मधे दोनदा उठून पाळण्यात डोकावली. तिसऱ्यांदा तिनं बाळाला उचललं, तेव्हा ते कण्हत होतं आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. तिनं किंकाळी फोडली. पलीकडच्या वस्तीवरचा भिमाजी पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्या भरत होता. त्यानं गोण्या तिथंच टाकल्या आणि गाडी काढली. यवतच्या मुलांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पूनम ओल्या केसांनी बाळाच्या तोंडाजवळ कान लावून बसली होती. गेणबा मागं हौद्यात, कांद्याच्या पाल्यात.

डॉक्टर सुलक्षणाबाई पंचेचाळिशीच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकाला ऑक्सिजन लावला, सुई टोचली. मग बाहेर येऊन विचारलं, "काय पाजलं होतं?"

"माझंच दूध," पूनम म्हणाली. "आर्ध्या तासामागं."

"बसून की झोपून?"

पूनम घुटमळली. "टाके दुखत्यात म्हणून... कुशीवर."

"ढेकर काढली?"

"काढली वाटतं. काढली."

"आणखी कुणी काही दिलं? पाणी, गुटी, काहीही?"

पूनमनं गेणबाकडं बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं.

"मी नुसता पाळना हलवत हुतो," गेणबा म्हणाला.

एवढंच वाक्य. पण ते एकदा तोंडातून गेल्यावर मागं घ्यायची वाट दर घटकेला अवघड होत गेली. संध्याकाळी सारजाबाई आली, झालरीची पिशवी हातात तशीच. तिला तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निमोण्याहून विहीण आली, न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून, दोन गाड्या बदलून. तिलाही तेच सांगितलं. तिसऱ्या वेळेला तर ते इतकं सहज आलं, की घडीभर त्याला स्वतःलाच खरं वाटलं.

विहिणीचं नाव अनसाबाई. बोलणं धारदार आणि आवाज सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा. काचेतून नातीला बघून ती रडली, आणि रडणं थांबल्याबरोबर पूनमकडे वळली.

"आडवं पडून पाजतीस? आगं, लेकरू हाय का काय हाय?"

"आत्या, टाके..."

"आमाला टाकं नव्हतं का? मी मल्हारच्या पाचव्या दिशी भाकरी थापल्यात. एका हातात मोबाइल आसंल आन् एका हातानं लेकरू. घसरलं आसंल तोंड, दूध गेलं आसंल नाकात."

"मोबाइल चार्जिंगला हुता ओ आत्या."

"चार्जिंगलाच आसतुया तुमचा, जवा इचारावं तवा."

सारजाबाईनं लेकीची बाजू घेतली नाही. तिलाही मनातून तसंच वाटत होतं. गेणबा बाकाच्या टोकाला बसला होता. त्यानं फरशीवरची एक मुंगी नजरेनं धरली, ती कुठं जाते ते बघत राहिला. दुपारी मल्हारचा फोन आला. रजा मिळत नव्हती. पूनमनं फोन कानाला लावला, पण त्याचा आवाज बाहेर येत होता. "तुला येवढं एक काम हुतं, पूनम. येवढं एकच."  फोन ठेवल्यावर ती आईला म्हणाली, "माझ्याच हातनं झालं आसंल. डोळा लागला आसंल माझा. मला आठवतच न्हाई बघ."

डोळा लागला नव्हता. गेणबानं ओट्यावरून बघितलं होतं, पाजताना ती पोरीशी बोलत होती. ते सांगायला त्याचे ओठ हलले. पण एक धागा ओढला की सगळं उसवलं असतं. तो चहा आणतो म्हणून उठला.

नर्सनं पूनमच्या हातात स्टीलची वाटी दिली होती. बाळाला अंगावर घेता येत नव्हतं, म्हणून दूध पिळून वाटीत काढायचं आणि ते नळीनं बाळाच्या पोटात सोडायचं. पहिल्या संध्याकाळी अर्धी वाटी निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव. दुपारी अनसाबाईचं बोलणं झाल्यावर पूनम पडद्याआड पाऊण तास बसली आणि वाटीचा नुसता तळ ओला करून बाहेर आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांनी काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या छातीत वरच्या बाजूला पांढरं ढग आल्यासारखं दिसत होतं.

"छातीत काहीतरी गेलंय, हे नक्की. ताप हटत नाही. आता मला प्रश्न असा आहे, की आईचं दूध कुशीवर पाजलं म्हणून एवढं होत नाही. लाखो बायका कुशीवर पाजतात. मग मला दुसरी शंका घ्यावी लागते. कधी कधी जन्मतःच अन्ननळी आणि श्वासनळीच्या मध्ये भोक असतं. ते इथं कळणार नाही. पुण्याला न्यावं लागेल. भूल देऊन घशातून दुर्बीण घालतील."

"येवढ्याशाच्या घशात?" सारजाबाईनं पदर तोंडाला लावला.

"दुसरा उपाय नाही. दुपारी चारला अॅम्ब्युलन्स येईल." मग त्या गेणबाकडं वळल्या. "आजोबा, पाळण्याजवळ तुम्ही होता. नीट आठवून सांगा. तिला ठसका लागला होता का? खोकली का?"

"न्हाई," गेणबा म्हणाला. "ठसका आला न्हाई." दोन दिवसांत त्यानं सांगितलेलं हे एकच खरं होतं, म्हणून ते तो जोरानं म्हणाला. जणू त्यानंच त्याची सुटका होणार होती. "येकदाबी आला न्हाई. म्हंजी छातीत काय जायाचा सवालच न्हाई, बाई."

"उलट आहे, आजोबा."

"आँ?"

"एवढ्या बाळाला ठसका येतच नाही. तुमच्या-माझ्या घशाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब चुकून गेला, तर आपण खोकून बाहेर काढतो. हे आपण जन्मतः घेऊन येत नाही. आईच्या पोटात बाळाची छाती पाण्यानंच भरलेली असते. तिथं खोकून कसं चालेल? तिथं शरीराला एवढंच ठाऊक असतं, की वाटेवर काही आलं की घसा आवळायचा, श्वास थांबवायचा आणि गिळत राहायचं. बाळ तीच रीत घेऊन बाहेर येतं. थोडं काही असेल तर गिळून मोकळं होतं. पण जास्त असलं, आणि थांबायला उसंतच मिळाली नाही, तर श्वास थांबलेलाच राहतो. छातीचे ठोके मंद होतात. बाळ गप्प होतं, निळं पडतं. मग जीव जायची वेळ आली की आचका देऊन श्वास घेतं, आणि तेव्हा घशाशी साठलेलं सगळं आत जातं. खोकला हळूहळू शिकतं ते, काही आठवड्यांनी, महिन्यांनी. तोवर गप्प बसणं हीच त्याची ओरड असते."

 गेणबानं बाकाची कड धरली.

"बाई," त्यानं विचारलं, "कोकराचं बी आसंच आसतं?"

अनसाबाईनं कपाळाला हात लावला. "हितं लेकराचा जीव चाललाय आन् आबांना कोकरं सुचत्यात."

पण डॉक्टर म्हणाल्या, "असतं ना. कोकरू, करडू, कुत्र्याचं पिल्लू, सगळ्यांचं. खरं म्हणजे डॉक्टर लोकांनी हे कोकरांवरच बघितलं आधी. त्यांच्याकडूनच कळलं आपल्याला."

आणि त्या आत गेल्या.

गेणबा बसल्या जागी बसून राहिला. त्याला दवाखाना दिसेना. त्याला मेंढरांच्या तळावरची कोकरं दिसायला लागली. कोकणातून परतताना, घाटमाथ्यावर, नदीच्या कडेला, जिथं जिथं तळ पडला तिथली. आईला दूध नसलेली, दुबळी. त्यातली काही पाजताना धडपडायची, मान झाडायची, लाथा मारायची. त्यांना तो शिव्या द्यायचा आणि अर्ध्यावर सोडून द्यायचा. ती जगायची. आणि काही गप्प पडून सगळं दूध घ्यायची. त्यांना तो गुणाची म्हणायचा. त्यांनाच नळी भरून भरून पाजायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती भात्यासारखी धापा टाकायची आणि मान टाकायची. दर वर्षी पाच-सात तरी. पन्नास वर्षं.

त्यावर त्याची बायको धुरपदा रडायची आणि तो तिच्यावर ओरडायचा. "वल्यात निजवलंस त्यास्नी. गारठा बसला. तुला येवढंबी कळंना व्हय?" मग धुरपदा स्वतःची घोंगडी कोकरांवर घालून आपण उघडी निजायची. तरी कोकरं मरायची, आणि तरी तो तिलाच बोलायचा. मरेपर्यंत तिला वाटत राहिलं, की आपल्या हाताला कोकरू जगत नाही. शेजारच्या बायका तिला कोकराला हात लावू द्यायच्या नाहीत.

लोक त्याच्या हाताला गुण आहे म्हणायचे.

तो उठला.  डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकलून आत गेला आणि उभाच राहिला.

"बसा आजोबा."

"बसत न्हाई. बाई, मी पाजलं तिला. शेळीचं दूध. बोंडल्यानं. वरनं तूप."

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. "किती?"

"बोंडलंभर. येवढं." त्यानं ओंजळीनं दाखवलं. "तूप आर्धा चमचा."

"आणि मग गप्प झाली."

"व्हय. मला वाटलं, गुनानं पितीय."

डॉक्टर लिहीत राहिल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "तीन दिवस, आजोबा. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुपाचं कळलं असतं तर तेव्हापासून वेगळी काळजी घेतली असती."

 पागोटं हातात घेऊन गेणबा उभा राहिला.

"पुण्याचं आज थांबवते," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीचीही गरज लागू नये. इथंच करू उपचार. दोन दिवस बघू."

"लई उपकार झालं बाई." मग तो पुढं सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "येक करा. घरच्यास्नी सांगू नगा. म्हना, मशिनीत कळलं."

आता त्यांनी मान वर केली. त्यांच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मशीनमध्ये असलं काही कळत नाही, आजोबा. आणि मी खोटं सांगणार नाही. बरं, तेही राहू द्या. आज सकाळी तुमच्या नातीच्या वाटीत किती दूध आलं, बघितलंत?"

त्यानं बघितलं होतं.

"बाळाला आत्ता सगळ्यात जास्त गरज त्याची आहे. आईच्या मनावर ओझं असलं की दूध उतरत नाही. त्याला माझ्याकडं गोळी नाही."

गेणबा बाहेर आला. बाकावर अनसाबाई पूनमला ठरवून सांगत होती. "लेकरू बरं झालं की मी निमोण्याला नेनार. डब्याचं दूध पाजीन, पर तुज्याजवळ न्हाई ठिवायची. तू ऱ्हा हितं आईपाशी. झोप काढ." पूनम मान हलवत होती. हो हो म्हणत होती. जणू तेच बरोबर होतं.

"इहीणबाई," गेणबा म्हणाला. "पोरीला काय बोलू नगा. लेकराला मी पाजलंय."

तिघी त्याच्याकडं बघायला लागल्या.

"शेळीचं दूध पाजलं मी, पूनम न्हात हुती तवा. माझ्या हातनं झालंय हे."

अनसाबाईचा चेहरा एकदम मऊ झाला. ती उठली आणि पदर सावरून म्हणाली, "आबा, तुमी थोर मानूस. नातीला पाठीशी घालताय, कळतंय मला. म्हातारपनी आंगावर घ्याय निघालाय. पर खोटं कशापायी बोलता?"

आणि पूनमसुद्धा म्हणाली, "नगा आबा. माझ्यापायी तुमी नगा वाईट हू."

गेणबाला हे सुचलंच नव्हतं.  इथं गप्प बसलं असतं तर सांगितल्यासारखंही झालं असतं आणि मानही वाढला असता. निमोण्यापर्यंत गोष्ट गेली असती, की गेणबा धनगरानं नातीसाठी आळ अंगावर घेतला. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याला ते गोड वाटलं. आणि आपल्याला गोड वाटलं हे कळल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

"थोर न्हाई मी," तो म्हणाला.  "आइका. सकाळचं दूध कोमट केलं. तूप घातलं. हनुवटी धरून तोंड वर केलं, करडाचं धरतो तसं. पोर निळी पडली माझ्या मांडीवर. नाकातनं दूध आलं ते मी धोतरानं पुसलं. बादली वाजली तसं बोंडलं विसळून पिठाच्या डब्यामागं लपीवलं. आन् पूनमनं इचारलं, रंग आसा काय दिसतोय, तर मी म्हनलं, झोपलीय."

सारजाबाई भिंतीला टेकली. "काल कपडे आणाय गेले तवा डब्यामागं बघितलं मी ते बोंडलं," ती म्हणाली. "मला वाटलं, बारशापायी काढलंय पूनमनं."

आता कुणी त्याला थोर म्हणेना. अनसाबाई मटकन खाली बसली.  मग तिनं हात लांब करून पूनमच्या गुडघ्यावर ठेवला. पूनमनं तो हात बघितला, झटकला नाही, धरलाही नाही. ती गेणबाकडंच बघत होती.

"मी पोर तशीच ठिवली," पूनम म्हणाली. "केस इंचरत बसले. तुमी म्हनला झोपलीय म्हणून."

"व्हय."

"काल मी आईला म्हनले, माझा डोळा लागला आसंल. तुमी हितंच बसला हुता. ह्याच बाकावर."

"व्हय."

"तुमी चहा आणाय गेला."

गेणबानं मान खाली घातली. तिनं मारलं असतं तर चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती नुसती एकेक गोष्ट मोजून त्याच्यापुढं ठेवत होती, आणि प्रत्येकीला त्याला व्हय म्हणावं लागत होतं.

"पोरी, माझं चुकलं," तो म्हणाला. "पाय धरू का तुझं?"

"पाय नगा धरू. पायानं माझं काय व्हणार हाय?" तिनं पिशवीतून मोबाइल काढला.  "ह्यांनी मला काल काय म्हनलं ते तुमी आइकलंय. मी सांगितलं तर म्हनतील, आबांवर ढकलतीय. आत्यांनी सांगितलं तर म्हनतील, कुनीतरी तिला समजावलं. तुमीच सांगा. आत्ता मला सांगितलं तसं. बोंडल्यापासनं झोपलीयपर्यंत, सगळं."

"जावयाला? फोनवर?"

"व्हय. आन् मोठ्यानं. आत्यांचा आवाज जसा सगळ्यांनी आइकला, तसा तुमचाबी आइकू द्या."

तिनं नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या हातात दिला. बाकावर आता आणखी दोन बाया येऊन बसल्या होत्या, कडेवर लेकरं घेऊन. औषधाच्या खिडकीपाशी भिमाजी उभा होता, चौकशीला आलेला. मागच्याच आठवड्यात त्यानं एक करडू गेणबाकडून पाजून नेलं होतं. सगळे बघत होते.

फोन वाजत राहिला. गेणबाला वाटलं, उचलू नये. मग पलीकडून कंपनीच्या यंत्रांचा खडखडाट आणि मल्हारचा आवाज आला, "हां पूनम, बोल. कशीय पोर?"

पूनमनं वाटी उचलली. पडद्यापाशी जाऊन उभी राहिली.

"पूनम न्हाई," गेणबा म्हणाला.  "मल्हारराव, मी आबा बोलतोय. पोर हाय, ठीक हुईल म्हनत्यात. तुमास्नी येक सांगायचंय. मधी बोलू नगा. मधी बोलला तर मला पुन्ना सुरू करता यायचं न्हाई."

"बोला की आबा."

"पूनमनं काय केलं न्हाई. मी केलं. ती न्हात हुती. मी बोंडलं काढलं..."

"मोठ्यानं, आबा," पूनम म्हणाली.

त्यानं मान वर केली आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, सांगायला सुरुवात केली. तो तुपापर्यंत आला, तेव्हा पूनम पडदा सारून वाटी घेऊन आत गेली होती.